दादरचा रविवारचा लाइफ ड्रॉइंग वर्ग: कागद मोठा घ्या, जागा मागची धरा

दादर पश्चिमेला एका जुन्या मराठी शाळेच्या तिसऱ्या मजल्यावर दर रविवारी सकाळी साडेआठ ते साडेबारा लाइफ ड्रॉइंगचा, म्हणजे समोरच्या जिवंत मॉडेलवरून माणसाची आकृती काढण्याचा वर्ग भरतो. मी बऱ्याच काळापासून डोंबिवलीहून तिथे जाते. वर्गाचं नाव इथे देत नाही, कारण चालवणाऱ्यांचीच तशी विनंती आहे. मॉडेल म्हणून बसणाऱ्या दोघीतिघींच्या घरी त्या नेमकं काय काम करतात हे माहीत नाही, आणि वर्गाचं नाव पसरलं की चित्र न काढणारी माणसंही चौकशा करत येतात. ज्यांना खरंच यायचंय त्यांनी कुठल्याही कला महाविद्यालयातल्या मुलांना विचारावं, पत्ता मिळतो.

मी शाळेत चित्रकला शिकवते. एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका केली तेव्हा मानवाकृतीचा अभ्यास झाला होता, पण समोर जिवंत माणूस बसवून सलग काम करायची संधी नोकरी लागल्यावर सुटली ती सुटलीच. म्हणून मुंबई-ठाण्यातले असे निरनिराळे वर्ग करून पाहिले. बहुतेक ठिकाणी मॉडेल बसते, कुणीतरी मोबाइलवर वेळ लावतं, एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं अशा पोज होतात आणि शेवटी सगळी चित्रं जमिनीवर मांडून त्यांचे फोटो निघतात. त्यानं हात मोकळा होतो, यात वाद नाही. पण आकृती कागदावर केवढी काढायची, कुठे बसवायची, उरलेल्या कागदाचं काय करायचं, हे कुणी बोलत नाही. दादरच्या या वर्गात पहिल्या दिवशी पहिलं वाक्य त्यावरच येतं, आणि माझ्या मते आज मुंबईत लाइफ ड्रॉइंग शिकायला याहून चांगली जागा नाही.

हा वर्ग चालवतात त्यांना आम्ही नुसतं 'सर' म्हणतो. ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून शिकलेले, आता निवृत्त. मी शिक्षिका असल्याचं कळल्यापासून ते मला 'बाई' म्हणतात. सगळ्यांशी 'अहो-जाहो', अगदी अठरा वर्षांच्या मुलांशीसुद्धा. पहिल्या रविवारी मी बोर्डवर कागद लावत असताना मागे येऊन म्हणाले, "बाई, मॉडेल नंतर बघा. आधी कागदाला चार कडा आहेत, त्या बघून घ्या." आणि पुढच्या ईझलकडे, म्हणजे बोर्ड उभा धरणाऱ्या घोडीकडे गेले.

इथे हाफ इम्पीरियलपेक्षा (हे कागदाचं माप, १५ बाय २२ इंच) लहान कागद चालत नाही. नवीन आलेले बहुतेक जण ए-फोरची स्केचबुक घेऊन येतात, त्यांना सर स्वतःजवळचा कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा कागद देतात आणि स्केचबुक पिशवीत ठेवायला सांगतात. हा हट्ट वाटतो, पण त्यामागचं गणित सरांनी एकदा फळ्यावर मांडलं होतं, ते इथे देते. मॉडेल साडेपाच फुटांची, म्हणजे ६६ इंच. तुम्ही तिच्यापासून ११ फुटांवर. हात सरळ ताणून धरलेली पेन्सिल डोळ्यापासून साधारण २ फुटांवर. एक डोळा मिटून माप घेतलंत तर त्या पेन्सिलीच्या पातळीवर मॉडेल डोक्यापासून टाचेपर्यंत १२ इंच भरते. कागदही हातभर अंतरावरच असतो, त्यामुळे डोळ्याला दिसतं त्याच मापानं हात काढू पाहतो. आता ए-फोरची उंची २९.७ सेंटिमीटर, म्हणजे ११.७ इंच. वर थोडी जागा सोडून डोकं काढलं की पावलं कागदाबाहेर जाणारच! नवशिक्यांच्या चित्रात पाय का मावत नाहीत याचं एवढं स्वच्छ उत्तर मला तोवर कुणी दिलं नव्हतं. १५ बाय २२ इंचांच्या हाफ इम्पीरियलवर तीच १२ इंची आकृती सहज बसते, आणि आजूबाजूला खोलीसाठी जागा उरते.

याच गणितातून बसायच्या जागा ठरतात. हॉल लांबट आहे, एका टोकाला दीडेक फूट उंचीचा मॉडेल स्टँड, त्यासमोर डाँकींची (बोर्ड टेकवून बसायच्या बाकड्यांची) पहिली रांग सहा फुटांवर, दुसरी अकराच्या आसपास आणि भिंतीलगत उभ्या ईझलची रांग सोळा फुटांवर. पहिल्या रांगेत बसून पूर्ण उभी आकृती काढायला इथे परवानगी नाही. सहा फुटांवरून साडेपाच फुटांचं माणूस जवळजवळ ४९ अंशांच्या कोनात पसरतं. चेहरा बघायला मान वर, पावलं बघायला मान खाली, आणि दर वेळी मान हलली की दृष्टिकोन बदलतो. डोकं एका माणसाचं, पाय दुसऱ्याचे, अशी आकृती होते. अकरा फुटांवर तोच कोन २८ अंशांवर येतो आणि मान न हलवता माणूस अखंड दिसतो. म्हणून पुढची रांग डोक्याचा अभ्यास, हात, धड यांच्यासाठी. मधली हाफ इम्पीरियलवरच्या पूर्ण आकृतीसाठी. मागच्या ईझलवर फुल इम्पीरियल लावून खोलीसकट चित्र करायचं. सोळा फुटांवरून पेन्सिलीवर आकृती जेमतेम सव्वाआठ इंच दिसते. २२ बाय ३० च्या उभ्या कागदावर ती दोन फुटांची करायची तर जवळपास तिप्पट वाढवावी लागते. तिथे डोळ्याचं माप थेट उतरवता येत नाही, एका डोक्याची उंची हे माप धरूनच जावं लागतं: उभ्या माणसात साधारण साडेसात डोकी, खुर्चीवर बसलेल्यात साडेपाच ते सहा. वरची खूण, खालची खूण आधी, मग मध्य. उभ्या आकृतीचा मध्य बेंबीपाशी येत नाही, त्याच्या बराच खाली, जांघेच्या हाडापाशी येतो. या तीन खुणा केल्याशिवाय कोळसा चालवायचा नाही. चौथी मदत ओळंब्याची. सरांनी प्रत्येक डाँकीला दोरीला बांधलेलं एक शिशाचं वजन अडकवून ठेवलंय. एका पायावर भार टाकून उभ्या असलेल्या मॉडेलच्या मानेच्या खळगीतून ओळंबा सोडून बघा, भार असलेल्या पायाच्या घोट्याजवळ तो उतरतो. ते एकदा कागदावर आलं की आकृती पडत नाही.

बोर्ड मांडीवर आडवा ठेवलात तर सर लगेच उभा करायला लावतात. आडव्या बोर्डवर कागदाची वरची बाजू डोळ्यापासून दूर जाते आणि आखूड दिसते, म्हणून हात तिथे नकळत ताणून काढतो. मग चित्र भिंतीला लावलं की डोकं-खांदे मोठे आणि पाय तोकडे. ही गोष्ट मी माझ्या शाळेत मुलांना सांगितली आणि बाकांवर पाटी तिरकी टेकवायला लावली, तेव्हापासून त्यांची माणसं खूप सुधारलीत.

आता मला सर्वांत जास्त आवडणारा भाग. लांब पोज सुरू होण्याआधी दहा मिनिटं कुणीही मोठ्या कागदाला हात लावत नाही. कोपऱ्यातल्या रद्दी कागदावर काडेपेटीएवढे चौकोन आखायचे आणि त्यात फक्त तीन गोष्टी ठरवायच्या: आकृती केवढी, कुठे, आणि कडेला काय काय कापलं जाणार. चेहरा, बोटं, काही नाही. नुसते काळे-पांढरे आकार. निदान चार चौकोन झाल्याशिवाय सर पुढे जाऊ देत नाहीत, आणि चौथा बहुतेक वेळा पहिल्याहून धीट असतो.

या चौकोनांच्या बाबतीत एक बारकावा मला इथेच पहिल्यांदा कळला. फुल इम्पीरियलचं प्रमाण २२ ला ३०. तो अर्धा केला की १५ ला २२, म्हणजे कागद थोडा अधिक लांबोळा होतो. त्याचाही अर्धा, म्हणजे क्वार्टर केला की ११ ला १५, पुन्हा मूळच्या प्रमाणात. त्यामुळे क्वार्टरवर ठरवलेली रचना फुलवर जशीच्या तशी मोठी करता येते, पण हाफवर नेली की बसत नाही, लांबीच्या दिशेनं पट्टा उरतो किंवा रुंदीत काहीतरी कापलं जातं. ए-फोर, ए-थ्री, ए-टू यांचं तसं नाही, ती सगळी एकाच प्रमाणात घडी होतात. पुठ्ठ्याची चौकट कापून त्यातून मॉडेलकडे बघण्याची सवय अनेकांना असते. दुकानात तयार मिळणारी चौकट बहुधा चौरस किंवा फोटोच्या प्रमाणात असते, ती इथे कामाची नाही. हाफ इम्पीरियलसाठी दीड बाय २.२ इंचांची खिडकी स्वतः कापा. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यानं 'कागदावर येईपर्यंत काहीतरी बदललं' ही रुखरुख जाते.

महिन्यातून एकदा सर उलटा अभ्यास देतात: मॉडेल उभी, कागद आडवा. सुरुवातीला सगळे गोंधळतात, कारण आकृती मधोमध उभी केली की दोन्ही बाजूंना मोठी रिकामी मैदानं. मग नजर आपोआप खोलीकडे जाते. खिडकीचे गज, पंख्याची दांडी, समोरच्या डाँकीवर वाकलेली मुलगी, भिंतीला उलटे टेकवलेले बोर्ड. एका रविवारी मावशींनी (वयानं मोठ्या मॉडेलना सगळे मावशीच म्हणतात) खिडकीशी पाठमोरी पोज दिली होती. मी त्यांना कागदाच्या डावीकडच्या एक तृतीयांश भागात, गुडघ्याखाली कापून घेतलं आणि उरलेल्या जागेत खिडकी आणि तिचा जमिनीवर पडलेला उजेड. सर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आता त्या खोलीत उभ्या आहेत. मघाशी कागदावर उभ्या होत्या." मला या वर्गानं काय दिलं ते त्या दोन वाक्यांत आहे.

रचना समजावताना सर पुस्तकं फार वापरत नाहीत, पण दोन छापील चित्रं कायम भिंतीला लावलेली असतात. एक फ्रेंच चित्रकार देगाचं १८८६ मधलं पेस्टल, टबात अंग चोळत बसलेली बाई, पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातलं. वरून पाहिलेली आकृती, आणि उजवीकडे सुरया ठेवलेल्या फळीचा पट्टा कागदाला जवळजवळ उभा चिरत जातो. सर तो पट्टा हातानं झाकून दाखवतात. झाकला की उरतो तो एक उत्तम अभ्यास, हात काढला की चित्र. दुसरं मायकेलअँजेलोचं, व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपेलच्या छतावरच्या लिबियन सिबिलसाठी (ही एक भविष्यवेत्ती) केलेलं लाल खडूचं रेखाटन, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे ते. त्याचं माप २८.९ बाय २१.४ सेंटिमीटर. म्हणजे जवळपास आपला ए-फोरच! हे कळल्यावर एका मुलानं विचारलं, "सर, मग आम्हाला का नाही चालत ए-फोर?" सरांनी त्याला चित्राजवळ नेलं. त्या कागदावर पूर्ण माणूस नाहीच. वळलेली पाठ आणि पसरलेले हात कागदभर, खाली चेहरा वेगळा पुन्हा काढलेला, पायाचं बोट पुन्हा पुन्हा. लहान कागदावर काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे मायकेलअँजेलोनं आधी ठरवलं, म्हणून छताच्या अवाढव्य आकृतीसाठी एवढासा कागद पुरला. सर त्या मुलाला म्हणाले, "तुम्ही सोडायला शिकलात की आणा ए-फोर."

हा मोठ्या मापाचा आग्रह सरांचा एकट्याचा नाही, तो जे. जे. च्या परंपरेतून आलेला आहे. १९१९ मध्ये प्राचार्य म्हणून आलेल्या ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी तिथे लाइफ क्लास सुरू केला आणि त्याच्या जोडीनं भित्तिचित्रांचंही शिक्षण. समोर बसलेल्या माणसाचा अभ्यास करायचा आणि तोच अभ्यास भिंतीच्या मापावर न्यायचा. १९२४ च्या, लंडनमधल्या वेम्बलीच्या ब्रिटिश साम्राज्य प्रदर्शनासाठी तिथल्या विद्यार्थ्यांनी एक अख्खं दालन रंगवलं होतं. आज लाइफ ड्रॉइंग म्हटलं की बहुतेकांना पटपट केलेली स्केचेस आठवतात, पण आपल्याकडे ते सुरू झालं तेव्हा त्याच्या पुढे भिंत होती. हे सर कधीतरी सांगतात तेव्हा अंगावर काटा येतो माझ्या.

आता उणिवा. थंडीच्या दिवसांत, विशेषतः कला महाविद्यालयांच्या परीक्षा जवळ आल्या की, गर्दी फार होते. हॉलमध्ये वीसहून जास्त माणसं झाली की अंतराचा सगळा विचार कोलमडतो, मधली रांग पुढे सरकते आणि मागच्यांना मॉडेलऐवजी पाठी दिसतात. नोंदणी मर्यादित ठेवायला हवी असं मी दोनदा बोलले, अजून झालेलं नाही. ईझल कमी आहेत, त्यातल्या एकाचा स्क्रू बोर्डाच्या वजनानं घसरतो. उजेड उत्तरेच्या खिडक्यांमधून सुरेख येतो, पण ढगाळ दिवशी छताच्या ट्यूबलाइट लावतात आणि मग आकृतीवर दोन दिशांच्या सावल्या पडतात. स्टँडजवळ एक साधा दिवा ठेवला तरी भागेल. शेवटची चर्चा अर्धा तास असायला हवी, प्रत्यक्षात साडेबाराला शाळेचे शिपाईकाका किल्ल्या घेऊन उभे असतात आणि निम्म्या चित्रांवर बोलणं राहून जातं. वर्गाचं मोल त्या चर्चेत आहे, म्हणून ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त खटकते. एक पोज कमी करा पण चर्चा पूर्ण करा, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि लिफ्ट नाही. तीन जिने फुल इम्पीरियल बोर्ड घेऊन चढायचे.

ज्या गोष्टी इथे चोख आहेत त्या मात्र फार थोड्या ठिकाणी चोख असतात. वर्गात मोबाइल बाहेर काढायचा नाही, चित्रांचे फोटोसुद्धा मॉडेल कपडे करून आल्यावरच. कपडे बदलायला पडदा नाही, वेगळी खोली आहे, आतून कडी लागणारी. दर वीस मिनिटांनी विश्रांती, आणि त्याआधी पावलांच्या, हाताच्या टेकूच्या जागी खडूच्या खुणा करायचं काम विद्यार्थ्यांपैकी एकाकडे. मावशींना चहा आधी, मग आपल्याला. सर कुणाच्याही चित्रावर स्वतःची रेघ ओढत नाहीत. दाखवायचं असेल तर तुमच्या कागदाच्या समासात, दोन इंचांत, आणि ते दोन इंच जपून ठेवावेत असे असतात.

एका रविवारचे ४५० रुपये, त्यात मॉडेलचं मानधन धरलेलं असतं. महिन्याचे एकदम भरले तर थोडे कमी पडतात. कागद आपला आणायचा. कार्ट्रिज जाड घ्या, पातळ कागद पावसाळ्यात ओल धरतो आणि कोळसा त्यावर बसायच्या ऐवजी सरकतो. जुलै-ऑगस्टमध्ये मी कागद प्लॅस्टिकच्या नळकांड्यात नेते. झटपट पोजसाठी खाकी कागदाचं भेंडोळं स्वस्त पडतं आणि कोळसा त्यावर छान दिसतो. कोळशाच्या काड्या बारीक आणि जाड दोन्ही असू द्या, पुटी रबर (कोळसा टिपणारं मऊ खोडरबर), दोन मोठे चिमटे, जुना सुती फडका. पंख्याखाली जागा मिळाली तर चिमटे चार लागतात. बोर्ड तिथे मिळतो, पण फुल इम्पीरियलचे थोडेच आहेत. मी सुतारकाकांकडून बारा मिलिमीटर प्लायचा २४ बाय ३२ इंचांचा करून घेतला, जड झाला. सहा मिलिमीटरला मागून दोन पट्ट्या मारून घ्या, लोकलनं येणाऱ्यांना तेवढंच सोसतं.

कुणी जावं? ज्यांना दर आठवड्याला देखणं चित्र घरी न्यायचंय त्यांचा सुरुवातीला हिरमोड होईल, कारण पहिले काही रविवार खुणा, मापं आणि काडेपेटीएवढे चौकोन यातच जातात. माझ्यासारख्या कलाशिक्षकांनी तर नक्की जावं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या स्मरणचित्रात मुलं माणसं कागदाच्या तळाला रांगेत उभी करतात आणि वर सगळं आभाळ मोकळं सोडतात. 'माणसं मोठी काढा' एवढं सांगून ते सुधारत नाही. काडेपेटीचे चार चौकोन आधी, हा एकच नियम मी माझ्या वर्गात लावला, आणि आता माझी सातवीची मुलं बाजाराच्या चित्रात पुढच्या भाजीवाल्याला कंबरेत कापून कडेला बसवतात. परीक्षकांना ते आवडेल की नाही माहीत नाही, मला फार आवडतं.

नवीन असाल तर सव्वाआठला पोचा आणि मधल्या रांगेत, खिडकीकडे डावा खांदा करून जागा धरा, म्हणजे उजव्या हाताची सावली कागदावर येत नाही. डावखुऱ्यांनी उलट, खिडकीकडे उजवा खांदा करून बसावं. लांब पोज महिन्याच्या शेवटच्या रविवारी असते. त्या दिवसासाठी आधी फोन करून ईझल सांगून ठेवावा लागतो.